चेंडू येण्याआधीचे अडीच सेकंद: ड्राफ्टसाठी कॉलेजचा रिसीव्हर कसा पारखायचा

२०१८च्या मोसमातले तीन शनिवार मी कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर बसून काढले. टेरी मॅक्लॉरिन नावाचा रिसीव्हर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, तेव्हा ओहायो स्टेटकडून माझ्या डोळ्यांदेखत खेळत होता. त्या मोसमात त्याचे ३५ झेल, ७०१ यार्ड, ११ टचडाउन (चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचणं). म्हणजे सामन्याला सरासरी अडीच झेल. पंटच्या, म्हणजे लाथेने चेंडू दूर उडवून प्रतिस्पर्ध्याला देण्याच्या, वेळी सगळ्यांच्या आधी खाली पोचणारा गडीही तोच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझी नजर चेंडूला चिकटलेली.

पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या मराठी मित्रांच्या फॅन्टसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे आपापले कागदी संघ बनवायचा खेळ) मी मोठ्या आत्मविश्वासाने नकील हॅरी उचलला. अ‍ॅरिझोना स्टेटचा धिप्पाड गडी, एका हाताने घेतलेले झेल, बचावपटूच्या डोक्यावरून ओरबाडलेले चेंडू. यूट्यूबवरच्या त्याच्या झेलांच्या फिती मी इतक्या वेळा पाहिल्या होत्या की बायको विचारायची, हा कोण, आपल्या नात्यातला का? व्यावसायिक लीग एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, न्यू इंग्लंड पेट्रियट्सनीही त्याला पहिल्या फेरीत, ३२वा घेतला. तीन मोसमांत मिळून त्याच्या नावावर ६०० यार्डही जमले नाहीत. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या मागून गेलेले डीबो सॅम्युअल ३६वा, ए. जे. ब्राउन ५१वा, डीके मेटकाफ ६४वा. आणि माझ्या नाकासमोरून गेलेला मॅक्लॉरिन ७६वा. त्याने पहिल्याच वर्षी वॉशिंग्टनसाठी ९१९ यार्ड काढले.

ही चूक कशी झाली ते शोधताना जी पद्धत हाती लागली, ती इथे मांडतो. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: एनएफएलचे ३२ संघ दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणालाही निवडता येत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांमध्ये चमकणारा हा मुलगा तिशीतल्या मुरलेल्या व्यावसायिकांपुढे टिकेल का, एवढंच आपल्याला ताडायचं असतं.

कोणते सामने, किती सामने

झेलांच्या फिती आधी बंद करा. त्यात फक्त जिंकलेले क्षण असतात. नवरीचे फोटो स्टुडिओत काढून आणावेत तसा तो प्रकार.

निदान चार पूर्ण सामने घ्या. दोन त्या मोसमातल्या सगळ्यात कडव्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे. एक असा, ज्यात त्याचे आकडे पडलेले आहेत. आणि एक आदल्या वर्षीचा. हा चौथा सगळे टाळतात आणि तिथेच फसतात. त्यावर पुढे येतोच.

छोट्या कॉलेजचा मुलगा असेल तर त्याच्या कॉलेजने मोठ्या कॉलेजविरुद्ध खेळलेला एखादा सामना हुडकून काढा. कूपर कप ईस्टर्न वॉशिंग्टनचा, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या फुटबॉलचा. तिथे त्याने ढिगाने झेल घेतले, पण समोर कोण होतं असा प्रश्न कुणीही विचारू शकत होतं. त्याचं उत्तर २०१५च्या सप्टेंबरमधल्या ओरेगनविरुद्धच्या सामन्यात आहे: १५ झेल, २४६ यार्ड, ३ टचडाउन. ओरेगन तेव्हा देशातल्या बलाढ्य संघांपैकी एक. तरी २०१७च्या ड्राफ्टमध्ये कप ६९वा गेला. २०२१मध्ये त्याने झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. संघांचे स्काउट जे चित्रीकरण पाहतात, त्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू सतत दिसतात. कॉलेजचं ते चित्रीकरण तुम्हा-आम्हाला सहजी मिळत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो आणि आपला रिसीव्हर तिसऱ्याच पावलाला चौकटीबाहेर. यावर इलाज दोन. रिप्ले सोडू नका, कारण एंड झोनमागून, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यामागून, दाखवलेल्या रिप्लेत रिसीव्हरचा पूर्ण रूट, म्हणजे त्याची ठरलेली धावण्याची वाट, पुष्कळदा सापडतो. आणि जमेल तेव्हा स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर, शक्यतो एंड झोनच्या मागे बसा. एक दुर्बीण, एक रिसीव्हर, अख्खा सामना. शेजारचे वेडा समजतात, समजू देत.

वहीतली ओळ

चेंडू त्याच्याकडे येवो वा न येवो, प्रत्येक रूटची एक ओळ लिहा. माझ्या वहीतली ओळ साधारण अशी असते: «पहिला क्वार्टर, सेकंड अँड सेव्हन, डावीकडे बाहेर, अरुंद बाजू, प्रेस, आत हूल देऊन बाहेर, ९, जिंकला, चेंडू दुसरीकडे.» सेकंड अँड सेव्हन म्हणजे दुसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी; अरुंद बाजू, प्रेस आणि ९ यांचा अर्थ पुढे येतोच.

यातलं ‹जिंकला› कसं ठरवायचं? क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हातात साधारण अडीच सेकंद असतात. तेवढ्यात रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यात हातभर तरी अंतर पडलं आणि रिसीव्हर चेंडूच्या बाजूला असला, तर जिंकला. चेंडू दुसरीकडे गेला तरी जिंकला. उलट, बचावपटू अंगाला चिकटून आहे आणि तरीही अफाट झेल घेतला, तर त्या ओळीत ‹हरला, पण झेल› असं लिहायचं. हॅरीची वही मी अशी लिहिली असती तर ‹हरला, पण झेल›च्या ओळी पानभर झाल्या असत्या. कॉलेजमध्ये अंगावरचा गडी पाच फूट दहा इंचांचा असतो, उडी मारून चेंडू काढता येतो. एनएफएलमध्ये तोच चेंडू काढायला तिथला कॉर्नरबॅकही, म्हणजे रिसीव्हरवर राहणारा बचावपटूही, तेवढीच उडी मारतो. आणि क्वार्टरबॅकला रिसीव्हर मोकळा दिसला नाही तर तो मुळात फेकतच नाही.

चार सामन्यांत शंभराच्या आसपास ओळी होतात. मग प्रेससमोर किती जिंकला, दूर उभ्या बचावपटूसमोर किती, हे वेगवेगळं मोजा. एकत्र बेरीज काही सांगत नाही.

रूटचे आकडे पाठ करणं अवघड नाही. समांचे रूट मैदानाच्या आत वळतात, विषमांचे बाहेरच्या रेषेकडे. २ म्हणजे स्लँट, ४ कर्ल, ६ डिग, ८ पोस्ट. १ फ्लॅट, ३ कमबॅक, ५ आउट, ७ कॉर्नर. आणि ९ म्हणजे नाकासमोर सरळ पळत सुटणं. वही भरल्यावर कोणता आकडा कधीच आला नाही तेही पाहा. काही कॉलेजांच्या पद्धतीत रिसीव्हर तीन-चारच रूट पळतात. तो त्या मुलाचा दोष नसतो, पण बाकीचे त्याला येतात हे तुम्ही गृहीतही धरू शकत नाही.

तो कुठे उभा आहे

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

मैदान १६० फूट रुंद. प्रत्येक खेळी मैदानाच्या लांबीने आखलेल्या दोन हॅश रेषांच्या मधून किंवा रेषेवरून सुरू होते. कॉलेजमध्ये या रेषांमधलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. आता हिशेब करा. कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की एका बाजूला १०० फूट मोकळं रान आणि दुसऱ्या बाजूला ६० फूट. एनएफएलमध्ये हेच जवळपास ८९ आणि ७१. म्हणजे कॉलेजमधल्या रुंद बाजूला पळणाऱ्या रिसीव्हरला जी ऐसपैस जागा मिळते, ती पुढे कधीच मिळणार नाही. ६० फुटांच्या अरुंद बाजूला, बाहेरची रेषा हा जणू दुसरा बचावपटू असताना जो मोकळा होतो, त्याच्या ओळीखाली मी रेघ मारतो.

तसंच खेळी सुरू होते त्या आडव्या रेषेवर उभा आहे की मागे? बाहेर आहे की स्लॉटमध्ये, म्हणजे बाहेरचा रिसीव्हर आणि मधली रांग यांच्यातल्या जागेत? रेषेवर बाहेर उभ्या असणाऱ्याला एक्स म्हणतात. त्याच्या नाकाला नाक लावून बचावपटू उभा राहू शकतो. स्लॉटमधल्याला दोन्ही बाजूंना वाट मोकळी असते आणि पुष्कळदा समोर सेफ्टी किंवा लाइनबॅकर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागातला बचावपटू, येतो. स्लॉटवाला कमी दर्जाचा असं नव्हे. त्याच्यासमोरची परीक्षा वेगळी.

पहिली तीन पावलं

शाळेत सांगलीला आमचे खो-खोचे सर ओरडायचे, ‹पोराच्या खांद्याकडं बघू नको, कमरंकडं बघ.› खांदे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही. अमेरिकेतले बचावाचे प्रशिक्षकही आपल्या कॉर्नरबॅकना हेच शिकवतात. त्यामुळे चांगल्या रिसीव्हरला कमरेने खोटं बोलता यावं लागतं. आपण त्याच्यात तेच शोधायचं.

प्रेस म्हणजे बचावपटू हातभर अंतरावर उभा, स्नॅप होताच, म्हणजे चेंडू खेळात येताच, छातीत हात मारून रूट मोडणार. इथे रिसीव्हरची अवस्था मध्यरेषा ओलांडून चढाईला गेलेल्या कबड्डीपटूसारखी. समोरच्याला आधी हलवायचं, मग जायचं. व्हिडिओ निम्म्या वेगाने लावा आणि हे क्रमाने पाहा.

पहिलं पाऊल पुढे पडतं की मागे? बरेच जण स्नॅपला मागचा पाय आणखी मागे टेकवतात आणि मग निघतात. एवढ्याशा वेळात बचावपटू सावरलेला असतो. मग हूल. ती जागच्या जागी नाचून दिली तर काही कामाची नाही. कॉलेजमध्ये पाच पावलं नाचूनही चालतं. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकचे अडीच सेकंद त्या नाचातच संपतात. हूल पुढे सरकत द्यायची असते, आणि बचावपटूची कंबर एका बाजूला वळली की त्याच क्षणी दुसरीकडे. मग हात. समोरून आलेला हात खाली झटकतो की छातीवर घेतो? शेवटी, पुढे निघाल्यावर बचावपटूच्या अगदी पुढे, त्याच्याच वाटेत येऊन धावतो का? तसं धावलं की मागच्याला चेंडूही दिसत नाही आणि अंगावरून पुढेही जाता येत नाही. जो रिसीव्हर शेजारीशेजारी धावत राहतो, त्याने सुरुवातीला जिंकलेलं अर्ध्या वाटेत परत देऊन टाकलेलं असतं.

हे शिकायला डेव्हांटे अ‍ॅडम्सचे जुने सामने पाहावेत. फ्रेस्नो स्टेटचा हा मुलगा कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, ४० यार्ड ४.५६ सेकंदांत धावला, २०१४ला ५३वा गेला, आणि पुढे रेषेवरची पहिली दोन पावलं कशी टाकावीत याचा वस्तुपाठच झाला. त्याला पाहून झाल्यावर कॉलेजच्या पोरांकडे वळलं की कोण नुसता नाचतोय ते लगेच कळतं.

वजनाची चर्चाही इथेच मिटते. डेव्हॉन्टा स्मिथ २०२०च्या हाइजमनचा, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबाचा, विजेता, ११७ झेल आणि १,८५६ यार्ड. पण २०२१च्या वैद्यकीय तपासणीत वजन भरलं १६६ पौंड, म्हणजे जेमतेम ७५ किलो. एवढ्याशा माणसाला प्रेसवाले मोडून टाकतील असं कितीतरी जण म्हणत होते. त्याचे अलाबामाचे सामने पाहिले तर मोडायला त्याला कुणी धरूच शकत नव्हतं. फिलाडेल्फियाने दहावा घेतला आणि पहिल्याच वर्षी त्याने ९१६ यार्ड केले. तेव्हा ‹वजन कमी› असं नुसतं लिहू नका, ‹वजन कमी आणि त्यामुळे अमुक सामन्यात अमुक वेळा रूट मोडला› असं लिहिता येत असेल तरच लिहा.

वळणाची जागा

बचावपटू दूर उभा असेल तेव्हा रिसीव्हरने पूर्ण वेगाने त्याच्या अंगावर जायचं असतं, जणू हा आता थेट मागे निघून जाणार. त्या धाकाने बचावपटू पाठ फिरवून पळू लागला की वळायचं. बघायचं ते एवढंच: वळण्याआधी याचा वेग बदलतो का? छाती वर उचलली जाते का? हात फाकतात का? अनुभवी कॉर्नरबॅक या खुणांची वाटच पाहत असतो.

बारा यार्डांवरचा डिग घ्या. चांगला रिसीव्हर अकराव्या यार्डापर्यंत नऊ नंबरच्या रूटसारखाच धावतो, मग कंबर खाली नेतो, दोन पावलांत थांबतो आणि काटकोनात आत येतो. वळताक्षणीच मान फिरवून डोळे चेंडूकडे. सुमार रिसीव्हर तेच वळण पाच पावलांत, बैलगाडीसारखं गोल घेतो आणि बचावपटू आतून येऊन चेंडू काढून नेतो. कॉलेजमध्ये त्या गोल वळणावरही झेल पूर्ण होतो, कारण समोरचा आठ यार्ड मागे उभा असतो. आकड्यांत दोन्ही झेल सारखेच दिसतात.

झोनसमोर, म्हणजे बचावपटू माणूस न धरता आपापली जागा राखतात तेव्हा, हे सगळं थोडं वेगळं. तिथे कुणाला हरवायचं नसतं, दोघांच्या मधली जागा शोधून तिथे थांबायचं असतं. खेळीआधी एखादा रिसीव्हर आडवा धावत दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याच्यामागे बचावपटूही धावला, तर बहुधा माणसाला माणूस. कुणी हललं नाही तर बहुधा झोन. झोनमध्ये मोकळ्या जागेत थांबण्याऐवजी पळत पळत पुढच्या बचावपटूच्या मिठीत जाणारे पुष्कळ असतात.

हात

सुटलेल्या झेलांची टक्केवारी सगळे सांगतात. पकडता येण्याजोग्या चेंडूंपैकी पाच टक्क्यांच्या आत सुटत असतील तर ठीक, दहाच्या वर गेले तर काळजी. पण कसे सुटले ते पाहा. पकडण्याआधीच पुढे पळायला डोळे वळले म्हणून सुटला, तर ते सुधारतं. चेंडू प्रत्येक वेळी छातीवर आदळू देऊन मग कवटाळत असेल तर ते सहसा सुधारत नाही. २०२१च्या सराव सामन्यांत जामार चेसने चेंडू सोडले तेव्हा केवढा गहजब झाला. त्या मोसमात पठ्ठ्याने १,४५५ यार्ड केले.

एक नियम विसरू नका. कॉलेजमध्ये रेषेच्या आत एक पाऊल टेकलं की झेल, एनएफएलमध्ये दोन्ही. रेषेलगतचा प्रत्येक झेल थांबवून दुसरा पाय पाहा. नियम एकाचा असूनही जो सवयीने दोन्ही पाय ओढून आत टेकवतो, त्याला पुढे काय लागणार ते आत्ताच ठाऊक आहे.

झेलानंतरच्या धावेबद्दल फार लिहीत नाही. ती कुणालाही दिसते. ब्लॉकिंग, म्हणजे चेंडूवाल्या सोबत्यासाठी प्रतिस्पर्ध्याला अडवणं, मात्र पाहा, कौशल्यासाठी कमी आणि स्वभावासाठी जास्त. चेंडू पलीकडे गेल्यावर हा कमरेवर हात ठेवून उभा राहतो का, तेवढं टिपलं तरी पुरे.

आकडे, पण मोसमाच्या संदर्भात

वही झाल्यावरच आकड्यांकडे वळा. मी तीनच पाहतो.

पहिला वयाचा. वयाच्या १९व्या-२०व्या वर्षी संघाचा मुख्य रिसीव्हर झालेला मुलगा आणि २३व्या वर्षी झालेला, यात फार फरक आहे. तेविशीतला गडी अठरा वर्षांच्या पोरांना हरवत असतो. कोविडमुळे २०२०चा मोसम कुणाच्याच पात्रतेत धरला गेला नाही. २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागल्याने बरेच जण कॉलेजात जास्त रमतात. त्यामुळे अलीकडे वय तपासणं आणखी गरजेचं झालंय. नियमाला अपवाद आहेतच. निवडले गेले तेव्हा मॅक्लॉरिन आणि कप दोघेही २३चे होते.

दुसरा, संघाच्या एकूण पासिंगमधला वाटा. इथे शेजारी कोण होते ते आधी विचारा. ओहायो स्टेटमध्ये २०२१ साली जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने १,६०६ यार्ड केले, आणि शेजारी होते गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे, जे पुढच्या ड्राफ्टमध्ये लागोपाठ १०वा आणि ११वा गेले. तिथे मिळवलेला वाटा आणि एखाद्या दुबळ्या संघात एकट्याने मिळवलेला वाटा एका तराजूत घालू नयेत.

तिसरा, धावलेल्या दर रूटमागे किती यार्ड. ३०० रूटमध्ये ९०० यार्ड म्हणजे ३. कॉलेजमध्ये तीनच्या आसपास असेल तर तो मुलगा नक्की पाहावा. एकूण यार्डांपेक्षा हा आकडा प्रामाणिक, कारण संघ किती फेकतो यावर तो फारसा अवलंबून नाही.

कम्बाइनचा बाजार

फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला सगळे जमतात आणि ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, धावून दाखवतात. त्या चार दिवसांत माझ्या फोनवर येणारे संदेश पाहिले तर जणू बैलांचा बाजार भरलाय. उंचीसुद्धा तिथे ६०१२ अशी लिहितात: सहा फूट, एक इंच आणि दोन अष्टमांश.

जॉन रॉस २०१७ला ४.२२मध्ये धावला, तेव्हाचा विक्रम, आणि नववा गेला. पुढे त्याची कारकीर्द काही उभी राहिली नाही. त्याचा विक्रम २०२४ला झेव्हियर वर्दीने ४.२१ने मोडला. कप ४.६२मध्ये धावला होता. वेगाला किंमत नाही असं नव्हे. वही काय म्हणते ते पडताळायला घड्याळ वापरायचं. वहीत ‹कधीच मागे टाकत नाही› लिहिलंय आणि घड्याळ ४.३५ म्हणतंय, तर पुन्हा सामना लावा. तो वेग खेळताना का दिसला नाही?

मेटकाफचं प्रकरण मजेशीर. २२८ पौंड वजन आणि ४.३३ सेकंद. पण तीन शंकूंभोवती वळून धावण्याच्या चाचणीत ७.३८, म्हणजे टॉम ब्रेडीच्या ७.२०पेक्षाही हळू. लोकांनी भरपूर टिंगल केली. त्यात सहा महिन्यांपूर्वीची मानेची दुखापत. संघ बिचकले आणि तो ६४वा गेला. सिअ‍ॅटलने त्याला प्रामुख्याने सरळ धावायला लावलं, दुसऱ्या वर्षी १,३०३ यार्ड. वळता येत नाही हे खरंच होतं. फक्त त्याला किती वळायला लावायचं हे संघाच्या हातात होतं. स्मिथ-एन्जिग्बा याच्या नेमका उलट. तीच चाचणी ६.५७मध्ये, आणि त्याचं सगळं पोट वळणांवरच.

मी स्वतः कम्बाइनमध्ये आवर्जून पाहतो ती गॉन्टलेट नावाची कवायत. मैदान आडवं, एका रेषेवरून पूर्ण वेगाने धावायचं आणि डावी-उजवीकडून येणारे चेंडू एकामागून एक झेलून टाकून द्यायचे. पाय रेषा सोडतात का आणि चेंडूसाठी वेग कमी होतो का, एवढंच बघायचं.

दुखापतींचं खरं चित्र संघांच्या डॉक्टरांनाच माहीत असतं. आपण तिथे हात जोडायचे.

२१वा आणि २२वा

आता त्या चौथ्या, आदल्या वर्षीच्या सामन्याकडे. २०२०च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने २१वा जेलन रेगर घेतला. लगेच पुढच्या क्रमांकावर मिनेसोटाने जस्टिन जेफरसन. आज सगळे हसतात, पण तेव्हाचा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. रेगरने टीसीयू या कॉलेजसाठी २०१८ला १,०६१ यार्ड केले होते, २०१९ला ६११वर आला. क्वार्टरबॅक नवखा होता, म्हणून आकडे पडले असं म्हणता येत होतं. उभी उडी ४२ इंच. जेफरसनचे २०१९चे आकडे डोळे दिपवणारे, १११ झेल आणि १,५४० यार्ड. पण फेकणारा जो बरो, शेजारी चेस, आणि जेफरसन जवळजवळ सगळा वेळ स्लॉटमध्ये. बाहेर प्रेससमोर याचं काय होईल, हा प्रश्न वाजवीच होता.

दोन्ही शंकांची उत्तरं चित्रीकरणात होती. रेगरच्या बाबतीत, चेंडू वाईट पडला तेव्हाही तो मोकळा होता का, हे ओळीओळीने मोजायचं. आकडे पडल्याचं खापर क्वार्टरबॅकवर फोडायचं तर ‹जिंकला, चेंडू चुकला› अशा ओळी वहीत सापडायला हव्यात. जेफरसनसाठी २०१८ उघडायचं. त्या वर्षी तो मुख्यतः बाहेर खेळला आणि ५४ झेल, ८७५ यार्डांसह एलएसयू या त्याच्या कॉलेजमध्ये पहिला होता, तेही चेस आणि बरो बहरायच्या आधी. स्लॉटमध्ये तो दुसरं काही जमत नाही म्हणून नव्हता, संघाला तिथे हवा होता म्हणून होता. पहिल्याच वर्षी त्याने मिनेसोटासाठी १,४०० यार्ड केले.

शेवटचं वाक्य लिहिताना

सगळं झाल्यावर प्रत्येक खेळाडूसाठी मी एकच वाक्य लिहितो, त्यात चार गोष्टी: कुठे उभा करायचा, कशाने जिंकतो, कुणासमोर हरतो, आणि कोणत्या फेरीत घ्यावा. ‹स्लॉट आणि बाहेर दोन्हीकडे, वळणाच्या जागी बचावपटूला फसवतो, शक्तिवान प्रेससमोर कमी पाहिला, पहिली फेरी.› तुलनेसाठी मोठ्या खेळाडूचं नाव घालायचा मोह होतो. मी घालत नाही. ‹पुढचा अमुक› लिहिलं की मेंदू वहीतलं सोडून त्या अमुकच्या फिती दाखवू लागतो.

क्रमवारी इतरांच्या याद्या वाचण्याआधी लावा, तारीख घाला आणि नंतर खोडू नका. तीन वर्षांनी ती उघडायची. माझ्या २०१९च्या कागदावर हॅरी पहिला आहे आणि मॅक्लॉरिनचं नावच नाही. तो कागद मी फ्रिजच्या दारावर लावलाय.

भारतातून पाहणार असाल तर पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचारला. चौथीपासूनच्या फेऱ्या त्याच शनिवारी रात्री साडेनऊला, आणि बहुतेक जण तोवर टीव्ही बंद करून झोपलेले असतात. पाचव्या फेरीला मध्यरात्र उलटते. २०२३ला पूका नाकुआ त्याच वेळी, १७७वा, गेला होता. पहिल्या वर्षी त्याचे १०५ झेल आणि १,४८६ यार्ड झाले, नवोदितासाठी तेव्हाचे विक्रम. तेव्हा वही उशाशी ठेवा आणि चहाचं आधण पुन्हा चढवा.